अंगणातला बांबू

“दारू पेला नाई म्हनतं, मंग ह्या झोकांड्या कायच्या?”

“काकाजी, तोंडाचा वास घ्या त्याच्या. या ना, जवळ या!”

“लवंग चावली का वास जाते. मले नको शिकवू, सत्यभामा.”

उकंडा हा सत्यभामाच्या नवऱ्याचा, श्रावणचा सख्खा चुलता आणि वस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष. वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला दोन वर्षं झाली होती. आज पौर्णिमेची वंदना. त्याआधी श्रावणनं चारचौघांत दारूची माफी मागावी, नाहीतर वंदनेला बसू नये, असा निरोप घेऊन तो दारात उभा होता.

सत्यभामा नवऱ्याच्या मनगटाला वाळूची पुरचुंडी बांधत होती. त्या वजनानं हात जरा कमी हलायचा, घास तोंडापर्यंत पोचायचा.

“यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं, लहान्या मेंदूचा रोग हाय. औषध नाई, पन रोज चालवा म्हने.”

“डोयाचा रोग असते, पोटाचा असते. झोकांड्याचा रोग म्या नाई आयकला कधी. आन् तू त्याले अंगनभर बांबू बांधून देल्ला! बेवड्याले आधार!”

सत्यभामाचं डोकं सणकलं. खुंट तिनंच रोवले होते, आडवा बांबूही तिनंच बांधला होता. रोज सकाळ-संध्याकाळ श्रावण त्याला धरून चालायचा, आणि ती पाठीमागं हात पसरून.

“नागपूरच्या वाटेवर हा असाच भेलकांडून पडला, तवा खांद्यावर कोनं घेतलं? तुमीच ना? तवा ऊन लागलं म्हनले. दीक्षेच्या आंदी पडला त ऊन, आन् मंग पडला त दारू?”

उकंडा चपापला. आवाज खाली आला. “लोक मलेच टोचते ना! अध्यक्षाच्याच घरात पाचवं शील मोडून राह्यलं म्हनते. काय सांगू मी त्याइले?”

“सांगा का पोरगा बिमार हाय! जीभ झिजते का?”

“मी… प्या…लो… ना…ई,” श्रावण म्हणाला. जीभ जड, एकेक अक्षर ओढून काढलेलं.

“घ्या! आयका आता!” उकंडानं हात उडवले.

ती पुरचुंडी म्हाताऱ्याच्या तोंडावर फोडावी असं सत्यभामाला वाटलं. पण तेवढ्यात श्रावण उठला. तिनं पुढं केलेला हात त्यानं बाजूला सारला आणि बांबू धरला.

“श्रावण, अखेरचं इचारतो. माफी मागतं का नाई?”

फाटकाशी बांबू संपला. श्रावण पाय फाकवून क्षणभर तसाच उभा राहिला.

“अबे, तुले इचारून राह्यलो!”

बांबूवरची त्याची मूठ सुटली. साऱ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत, डुलत, अडखळत तो वंदनेच्या वाटेला लागला.