‘केल्तं’भोवती लाल गोल

सरांनी माझं वाक्य पांढऱ्या फळ्यावर लिहिलं आणि शेवटच्या शब्दाभोवती लाल मार्करनं गोल काढला. ‘पाहुणे यायच्या आधीच आम्ही काम केल्तं.’

“हा कोणता काळ, मावशी?”

“पूर्ण भूतकाळ,” मी म्हणाले.

“हा काळ नाही. हा क्रियापदाचा अपघात आहे.”

वर्गातले बाकीचे पाचही जण हसले. सगळे शेतकीचे पदवीधर. दाराशी उभा असलेला मॅनेजरही हसला. सर पुण्याहून यायचे, चाळिशी ओलांडलेले. मी अडतीस वर्षांची. बाकीच्यांना ते ‘आपण’ म्हणायचे. मी एकटी मावशी.

वर्ग फ्रेंचचा होता; आधी वाक्य मराठीत सांगायचं, मग त्याचं फ्रेंच करायचं. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीच्या माडीवर भरायचा. ह्या कंपनीचं मिरचीचं बी मंठ्याकडच्या शेडनेटांत तयार होतं आणि फ्रान्सला जातं. ते तयार करतात बायका. आज कळी उघडून आतले नर तुरे चिमट्यानं काढायचे, उद्या सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग बोटानं लावायचे. मी सातवी सोडून ह्या कामाला लागले. आता माझ्या हाताखाली चाळीस बायका आहेत आणि त्यांच्या मजुरीचा भाव मी ठरवते. भावावरून मॅनेजरच्या टेबलावर दोनदा हात आपटलाय. माझं पोट माझ्या जिभेवर चालतं.

मागच्या हंगामात फ्रेंच पाहुणे प्लॉटवर आले. त्यांच्यातली एक बाई आमच्या सिंधूआक्कासमोर वाकली, तिच्या परागानं माखलेल्या बोटांकडे बघत काहीतरी विचारलं. आक्का तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजरनंच उत्तर दिलं आणि बाईला पुढं नेलं.

“काय म्हन्ली गं ती?” आक्कानं मला विचारलं.

मला सांगता आलं नाही. चाळीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता.

म्हणून कंपनीनं फ्रेंचचा वर्ग काढल्याबरोबर मी थेट मालकाकडे जाऊन नाव घालून घेतलं. वर्गात जो पहिला येईल तो पाहुण्यांना प्लॉट दाखवणार होता. ती जागा मला पाहिजे होती.

लाल गोलाच्या दुसऱ्या दिवशी सरांनी नवं क्रियापद दिलं. बॉसे. मला वाटलं, साहेब होणे.

“नाही. राबणे,” सर म्हणाले. “पुस्तकी शब्द वेगळा आहे. हा बोलीतला.”

बोलीतला. तरी पुस्तकात त्याचा अख्खा तक्ता छापलेला. पूर्ण भूतकाळात सगळी रूपं. जावे बॉसे, मी राबले होते. त्यु आवे बॉसे, तू राबला होतास. नूझाव्यों बॉसे, आम्ही राबलो होतो. मी ती फुलांच्या ओळीत उभी राहून घोकली. बायका म्हणायच्या, “कोन्या भुताला बोलवून राह्यली गं?” आठ दिवसांत एकही रूप चुकेना.

मग सरांनी मोबाइलवर दोन फ्रेंच कामगारांचं बोलणं ऐकवलं. मी कान दिला. ‘त्यु आवे बॉसे’ कुठंच आलं नाही. ‘तावे बॉसे’ आलं.

“सर, ह्यानं ‘त्यु’मधला ‘यु’ गिळला.”

“शाब्बास, मावशी! बरोबर ऐकलंत. बोलताना ते तसंच म्हणतात. तीच तर त्या भाषेची लय आहे. तुम्हीही तसंच बोला, पाहुण्यांना आपलेपणा वाटेल.”

मी वही मिटली.

“त्यानं गिळला तं लय. आन् म्या ‘केलं होतं’मधला ‘हो’ गिळला तं अपघात?”

 

“ही तुलना होत नाही,” सर म्हणाले. “ती भाषा आहे. हे अशुद्ध आहे.”

मॅनेजर म्हणाला, “मावशी, सरांची माफी मागा. पाहुण्यांसमोर असंच बोलणार का?”

पाचवीत मी ‘आल्ते’ म्हटलं म्हणून बाईंनी मला दाराबाहेर उभं केलं होतं. सगळी शाळा बघत गेली. तेव्हापासून मोठ्या माणसांसमोर मी ते ‘हो’ अक्षर जोडून बोलते. आले होते. केलं होतं. फळ्यावरचं ‘केल्तं’ तेवढं तोंडातून निसटलं होतं. मजुरीच्या भावात मला कोणी फसवलं नाही. ह्या एका सौद्यात मी अठ्ठावीस वर्षं फसत आले.

मी उठले. सरांच्या हातातला मार्कर घेतला. फळ्यावर लिहिलं. मी राबल्ते. तू राबल्ती. तो राबल्ता. आम्ही राबल्तो. तुम्ही राबल्ते. त्या राबल्त्या.

“बघा, सर. सगळी रूपं हायेत. एक बी नेमाबाहेर जात न्हाई. तक्ता कोनी छापला न्हाई, येवढंच. आन् मी तुमची मावशी न्हाई.”

माफी मागितली नाही. मॅनेजरनं त्याच दिवशी माझं नाव यादीतून काढलं. पाचांपैकी एक जण पाहुण्यांना घेऊन येणार आहे. त्याला अजून ‘नूझाव्यों’ म्हणता येत नाही.

हे सगळं मी छापील मराठीत लिहिलंय. मला ती येते, हे कळावं म्हणून. पाहुण्यांसमोर ती वापरणार नाही.

प्लॉटवर ते येतील तेव्हा मी आक्काच्या शेजारी उभी असेन. त्या बाईनं पुन्हा विचारलं आणि मॅनेजर मधे आला, तर त्याला हातानं बाजूला करीन. ‘नूझाव्यों बॉसे,’ असं तिला सांगीन. आणि लगेच वळून आक्काला, “आम्ही राबल्तो, असं सांगितलं गं.”

कामावरून काढतील. काढू द्या. भावात मी कमी-जास्त करते, तो माझा धंदा आहे. ‘राबल्तो’मध्ये आता एक अक्षर वाढवून देणार न्हाई.