आठ घरांतली अक्षरं

“अंदाज नको, ताई. दिसतं तेवढंच वाचा,” शेजारचे काका म्हणायचे आणि चष्मा कपाळावर ढकलायचे.

मी अमेरिकेत चँडलरला मुलाकडे आले तेव्हा सून म्हणाली, “आई, शेजारचे काका एकटेच असतात. दुपारचा डबा नेऊन द्याल?” मी डबा ठेवून खाली मान घालून परत यायची. एक दिवस त्यांनी थांबवलं.

“मराठी वाचता येतं?”

“चौथीपर्यंत शिकलेय. अक्षर अक्षर लावून वाचते.”

“मग बसा. असंच माणूस हवं होतं मला.”

टेबलावर त्यांचा तरुणपणीचा कॉम्प्युटर होता, टीव्हीला जोडलेला. ओळीत चाळीसच अक्षरं मावायची. शब्द मध्येच तुटून खाली यायचा. त्याला फक्त इंग्रजी यायचं आणि काकूंना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून काकांनी त्यात मराठी अक्षरं बसवली होती. काका ऑफिसला गेले की काकू त्यावर लिहायच्या. काय लिहिता, हे काकांनी कधी विचारलं नाही.

काकू गेल्यावर त्यांच्या लिखाणाची फ्लॉपी सापडली. पण अक्षरांची फ्लॉपी गॅरेजच्या उकाड्यात खराब झाली होती. त्यामुळे पडद्यावर काकूंचं लिखाण नुसतं एबीसीडी होऊन उमटायचं.

काकांचा मुलगा फोनवर म्हणाला, “डॅड, फाइल पाठवा. फाइव्ह मिनिट्समध्ये कन्व्हर्ट करतो.”

“तिला जसं दिसायचं तसं मला बघायचंय,” काका म्हणाले.

कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते त्यांना पाठ होतं. आकार मात्र नव्यानं करायचे होते. एका अक्षराला आठ घरं आडवी, आठ उभी. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं घरं भरायची, मग ती कॉम्प्युटरला सांगायची. ‘क्ष’वर ते वैतागले. “एवढ्या खोलीत हा राहायलाच तयार नाही!”

त्यांची नजर अधू होत चालली होती. “हा घ दिसतो?”

“ध वाटतो.”

“वाटतो नको. दिसतं काय?”

“डोकं फुटलंय त्याचं.”

ते खदखदून हसले. “मग मलमपट्टी करू. मला घ माहीत आहे, म्हणून मला घच दिसतो. तुमचं बरं आहे.”

माझ्या हळू वाचण्याला बरं म्हणणारं ते पहिलंच माणूस.

अक्षरं पुरी झाली. मी वाचलं, “दुपारी घर गप्प असतं. हे आले की बोलायचं ठरवते. हे दमलेले असतात. म्हणून इथे लिहून ठेवते.”

खाली सांगायच्या गोष्टी होत्या. मी वाचायची, काका उत्तर द्यायचे.

“शेजारणीनं लिंबं दिली.”

“लोणचं घाल. थोडं गोड घाल.”

“निळी साडी नेसले होते.”

काका पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “पाहिली होती गं.”

रोज दोनतीनच गोष्टी व्हायच्या. मी मुद्दाम अडखळत वाचायची. संपू नये असं दोघांनाही वाटत असावं.

पण काकाच आधी गेले. सामान आवरायला त्यांचा मुलगा आला. टीव्ही चालूच होता. शेवटच्या ओळीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, “मावशी, व्हॉट डझ इट से?”

तिथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. मी एकेक अक्षर लावलं.

“आज हे लवकर येतो म्हणालेत.”