नापास मुलीचे पेढे

आमच्या नाहूरच्या चाळीतले शेजारचे मालवणी काका विरजण मागायला आले तरी भांडायला आल्यासारखे वाटतात. गिरणी बंद पडल्यापासून तर आवाज आणखीच चढलाय. यंदा चाळीमागच्या शाळेत दहावीला निम्म्याहून जास्त पोरं आपटली, तेव्हा चिडलेल्या पालकांनी फाटक अडवलं. सगळ्यांच्या पुढे काका.

"मास्तरांनू, वर्षभर झोपा काढल्यात काय?"

त्यांची मुलगीही गणितात राहिली होती.

आमच्याकडे पास झालेल्यांच्या घरचे पेढे वाटतात आणि नापासांच्या घरची दारं बंद असतात. त्याच संध्याकाळी आमची कडी वाजली. दारात काका, आणि त्यांच्या पुढे त्यांची मुलगी, हातात पेढ्यांचा पुडा धरून.

"घे. चेडू नापास झाला."

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. "काका, नापासाचे पेढे?"

"लपाचा तर मास्तरांनी लपाचा. माझ्या चेडवान कित्याक? आक्टोबरात परत बसतला."

मी त्याच शाळेतून दहावी झालो, पुढे बी.कॉम., घरातला पहिला. त्याचा मला अभिमान आहे, का नसावा? त्यामुळे मास्तरांना शिव्या घालाव्यात की नाही, ते मला ठरवता येत नाही. आणि समोर चाललं होतं ती माया म्हणायची की पोरीची धिंड, तेही कळेना. तिची मान खाली, काकांची ताठ. माझा हात पुढे होईना.

शेवटी तीच बोलली, "दादा, घे ना रे लवकर. अजून वरचा मजला राहिलाय."