वरची रेघ आधी

संपतराव मदने छपन्न वर्षांचे. कुरकुंभच्या एका औषध कारखान्याच्या यार्डात त्यांनी एकवीस वर्षं ड्रम हलवले. भरलेला ड्रम कडेवर तिरपा करून फिरवत न्यायचा असतो आणि त्याचा सगळा भार गुडघ्यांवर येतो. दोन्ही गुडघे कामातून गेले, तेव्हा कुठं गेल्या दिवाळीनंतर त्यांना नव्या चिनी ड्रायरच्या पॅनलसमोरची खुर्ची मिळाली. बसून करायचं काम त्यांना नोकरीत पहिल्यांदाच लाभलं होतं.

ड्रायर चांगला होता, पण स्क्रीनवर इंग्रजी निवडलं तरी बिघाडाचे निरोप चिनीतच उमटत. आत पेट घेणारी सॉल्व्हंटची वाफ, म्हणून मोबाइल गेटवरच जमा. मग पद्धत अशी पडली की, निरोप आला की तो ऑपरेटरनं कागदावर हुबेहूब उतरवायचा आणि ऑफिसात वैष्णवीला दाखवायचा. वैष्णवी खरेदी विभागात होती आणि पुण्याला जाऊन दोन वर्षं चिनी शिकली होती. ती वाचून सांगायची, मग फिटर कामाला लागायचा.

एका सकाळी संपतरावांनी तीन अक्षरं उतरवून नेली. मधलं अक्षर वैष्णवीला ‘शेवट’ असं दिसलं. अर्थ नीट लागेना, म्हणून फिटरनं ड्रायरचं मागचं टोक खोलून अर्धी पाळी घालवली. खरा निरोप साधा होता: दार लागलेलं नाही. प्लँटचे प्रमुख सत्यजीत साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “मामा, पॅनलवर डिप्लोमावाला देतो. तुम्ही परत यार्डात जा.”

वैष्णवीनं मध्ये पडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. शनिवारी साहेबांसमोर परीक्षा ठरली.

पाळी तीनला सुटली की संपतराव कँटीनमध्ये चौकटीचा कागद घेऊन बसत. पहिल्या दिवशी वैष्णवी अक्षराकडे न बघता नुसती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. संपतराव आधी उभी रेघ ओढत, मग खालचं सगळं काढत आणि शेवटी डावीकडून उजवीकडे वरची रेघ सरसर ओढून मोकळे होत. खुटबावच्या शाळेत गुरुजींनी तसंच बसवलं होतं. आधी अक्षरं, मग त्यांच्यावर रेघ. वैष्णवीला हसू आलं. चिनीतला ‘अजून नाही’ म्हणजे 未, वरची रेघ आखूड. तीच रेघ लांब झाली की 末, म्हणजे शेवट. संपतरावांनी ‘नाही’वर मराठी शिरोरेघ दिली होती.

“इथं वरची रेघ आधी, मामा. आखूड. मग खालची लांब, मग उभी, मग दोन पाय.”

“आन् झाकायचं कशानं?”

“झाकायचंच नाही.”

समजायला सोपं होतं. पण हात पन्नास वर्षांचा मुरलेला. घरी जेवण होईतो ते वहीत गिरवत बसत. पहिली वीस-पंचवीस अक्षरं सरळ यायची. मग मनगट भरून यायचं, डोळ्यांवर झापड यायची आणि हात थकला की आपला मराठीत जायचा. ओळीच्या शेवटी बघावं तर पुन्हा सगळी ‘शेवट’च. बायको, अंजनाबाई, भाकरी थापता थापता विचारत, गुरुजींनी शाळेचा दाखला परत घेतला का काय. संपतराव पान उलटून पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरू करत.

शनिवारी साहेबांनी फिटरला मुद्दाम बारीक बिघाड करून निरोप उमटवायला लावले. पहिले दोन निभावले, हळू, पण निभावले. तिसरा आला. संपतरावांनी पहिलं अक्षर उतरवलं, मधल्यासाठी पेन टेकवलं आणि हातानं आधी उभी रेघ ओढली. ते थांबले. निरोप मिनिटभरच टिकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी खाडाखोड न करता तो कागद बाजूला सारला आणि दुसरा ओढला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. संपतरावांनी पहिलं अक्षर पुन्हा उतरवलं, मग मधल्याची वरची रेघ काढली, बोटाच्या पेराएवढी, आणि पुढचं त्याच क्रमानं. तिसरं अक्षर पुरं होतं न होतं तोच स्क्रीन कोरी झाली.

साहेब स्वतः तो कागद घेऊन ऑफिसात वैष्णवीकडे गेले. परत आले ते पॅनलकडे न येता थेट ड्रायरकडे. अर्धवट उघडं ठेवलेलं दार त्यांनी खांद्यानं रेटून लावलं.

“सोमवारपासून तुम्हीच बसा, मामा,” एवढंच ते म्हणाले.

मागोमाग वैष्णवी आली. तिच्या हातात पुढच्या चौदा अक्षरांचा कागद होता. हे लगेच सुरू केलं तर महिन्याभरात बरंच उरकेल, असं ती सांगू लागली. संपतराव एव्हाना खुर्चीत टेकले होते आणि दोन्ही पाय त्यांनी समोर लांब केले होते.

“आज नगं, मॅडम,” ते म्हणाले. “आज नुसता बसतो.”