दारातल्या म्हाताऱ्या माश्या

दिनकर गेला हे सांगायला कॉलेजचा शिपाई आला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धवट दाढीनिशी धावलो... पण धावून काय उपयोग होता? आज सव्वा महिना झाला. नागपुरातल्या एकाच कॉलेजात आम्ही प्राणिशास्त्र शिकवलं आणि एकाच सूक्ष्मदर्शकावरून भांडलो. मधमाश्यांच्या पोटात वाढणारा नोसिमा हा परजीवी रोग ओळखायचा त्याला ध्यासच होता. माशीचं पोट पाण्याच्या थेंबात चिरडून काचेखाली पाहायचं. रोग असला, की तांदळाच्या दाण्यांसारखे बीजाणू दिसतात. त्या नादात घरच्या जेवणाची वेळ तो हमखास चुकवायचा आणि वहिनींची बोलणी मी खायचो.

भिवापूरच्या शंकरभाऊंच्या मधपेट्या एका वर्षी ओस पडू लागल्या. दिनकर तापानं आडवा, म्हणून नमुना आणायला मी निघालो. त्यानं बजावलं होतं, "पेटीच्या दारातल्या म्हाताऱ्या माश्या आणजो गा. रोग त्यायच्यातच दिसते." पण त्या डसतात, आणि मी पहिल्यापासून भित्रा. आतल्या पोळ्यावरच्या कोवळ्या, गरीब माश्या मी बाटलीत भरल्या आणि गप्प बसलो. दिनकरला एकही बीजाणू दिसला नाही. माश्या निरोगी असल्याचं पत्र त्याच्या सहीनं गेलं. त्या भरवशावर शंकरभाऊंनी मेलेल्या वसाहतींची पोळी चांगल्या पेट्यांत घातली, आणि बघता बघता सगळ्याच पेट्या संपल्या.

"दारातल्याच होत्या नं?" दिनकरनं विचारलं. मी हो म्हणालो. तो एकटाच भिवापूरला जाऊन शंकरभाऊंची माफी मागून आला. पुढे प्रत्येक नमुना तो स्वतःच आणायचा, हात सुजवून घेऊन. उद्या सांगू, उद्या सांगू, असं म्हणत मी वर्षं घालवली. लिहितानाही लाज वाटते आहे.

दिनकरच्या तेरवीला शंकरभाऊ आले. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं ओकून टाकलं.

"मले ठाऊक हाये जी," ते म्हणाले. "पेटीचं झाकण मीच तं धरून होतो. सर माफी मागाले आले, तवाच त्यायले सांगतलं."

"मंग तो मले काहून नाही बोलला?"

"सर म्हणाले, तो आपल्या तोंडानं सांगन."

काल प्रयोगशाळेत गेलो. त्याच्या टेबलाला लागून एक स्टूल आहे. रोज चहाच्या वेळी तो मला त्यावर ओढून बसवायचा, सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायचा आणि म्हणायचा, "बोल गा." मला वाटायचं, सवय आहे त्याची. काल मी त्या स्टुलावर बसलो आणि रिकाम्या खुर्चीला सगळं पहिल्यापासून सांगितलं... फार उशीर केला मी, दिनकर.