केशरबाई पाळण्यात एकटी बसली

केशरबाईबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण माझ्या हातून पत्रापलीकडं कधी काही लिहून झालेलं नाही. त्यामुळं हे कसं उतरेल ठाऊक नाही. आमच्या युसूफ वडगाव गावातल्या हायस्कुलात मी लिपिक होतो. केशरबाई म्हणजे माझा शेजारी आश्रुबा याची बायको. वय साठीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही.

दोघांनी तीस वर्षं ऊस तोडला. आमच्याकडं ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला सहसा कोणी विचारत नाही. गेल्या हंगामात आश्रुबाची कंबर गेली. यंदा पोळा झाल्यावर मुकादम रामप्रसाद घरी आला आणि म्हणाला, "काकू, तुमी तरी या. रतनबाई बी एकटी हाय, दोघींची जोड लावतो. सोमवारी सांगा."

तेव्हापासून त्या घरात कोणी धड बोलेना. पाच महिने नवऱ्याला सोडून राहणं आपल्याला जमेल का, हे केशरबाईला कळत नव्हतं. ती कधी केजच्या बाजारालासुद्धा एकटी गेली नव्हती.

शुक्रवारी ती माझ्या ओसरीवर आली. "भाऊजी, कारखान्याच्या रस्त्याला ते पाळण्याचं मोठं पार्क हाय न्हवं, तिथं मी एकटी जाऊन येऊ का?"

उसाच्या फडातून त्या पार्कातला उंच पाळणा दरवर्षी दिसायचा म्हणे. ती चला म्हणायची, आणि आश्रुबा म्हणायचा, कामाला आलाव, जत्रंला न्हाई.

"पण आत्ताच कावून?" मी विचारलं.

"एक दिस त्यांच्याबिगर निभतंय का, ते तर बघते."

तिनं मला वही काढायला लावली. एकटीनं जाण्यात चांगलं काय आणि वाईट काय ते लिहा म्हणाली. मी लिहिलं, चांगलं हे की कोणी घाई करणार नाही, हवं तिथं बसता येईल, नको तिथून उठता येईल. वाईट हे की पिशवी कोणाजवळ द्यायची, चक्कर आली तर कोण धरणार, हरवली तर शोधणार कोण. मग वाटलं, कोणी घाई करणार नाही हे खरं तर वाईटात जायला पाहिजे, कारण घाई करणारं कोणी नसेल तर ही दारातच उभी राहील. मी ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

"वाचा की आता," ती म्हणाली.

"मलाच वाचता येईना."

ती हसली आणि उठून गेली. मी तिला हो म्हणालो होतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं ती गेली. मांजरसुंब्याला गाडी बदलायची, रात्री पार्काजवळच राहणाऱ्या भाची सुनिताकडं मुक्काम करायचा आणि रविवारी परत यायचं असं ठरलं होतं. मी दिवसभर आश्रुबाच्या बाजेशी बसलो.

"पडली तर रं?"

"पट्टा असतो म्हणे."

"कोण म्हणलं?"

"पेपरात वाचलं." खरं तर मी वाचलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिला आवडलं न्हाई तर बरं हुईल." मग लगेच, "न्हाई, आवडलं तर बरं हुईल." मग माझ्यावरच चिडला. "नुसती मान काय हलवतो बे आसाराम? तुला काय वाटतं ते सांग की!"

मला काही वाटत नव्हतं असं नाही. दोन्ही वाटत होतं.

रविवारी दुपारी ती आली, पाय धुऊन उंबऱ्यात बसली आणि सांगायला लागली. पहिला तासभर ती फाटकाच्या आत नुसती उभीच होती. सगळे घोळक्यानं आलेले. "मावशी, बाकीचे कुठं?" असं पाच-सहा जणांनी विचारलं. पाण्याच्या घसरगुंडीवर जायचं मनात होतं, पण पिशवी सांभाळायला कोणी नाही. शेवटी ती पाळण्याच्या रांगेत लागली. तिथल्या माणसानं विचारलं, "किती जण?" आणि तीस वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "दोघं."

त्यानं तिला बसवलं, शेजारची जागा मोकळी ठेवली आणि वाट बघत राहिला. "दुसरे कुठं आहेत?"

"घरी हायेत. कंबर गेली त्यांची."

रांग हसायला लागली. एक पोरगी म्हणाली, "मावशी, मी बसू का?" केशरबाई म्हणाली, "नगं बाई, जागा धरलीय," आणि भाकरीचं गाठोडं शेजारी ठेवलं.

"माझ्या जागंवर भाकर बसवली?" आश्रुबा म्हणाला.

"भाकर भ्याली न्हाई. तुमी भ्याला असता."

तो इतका हसला की कंबर धरून विव्हळला. मग म्हणाला, "वरून काय दिसलं?"

"ऊसच ऊस. लई लांबवर. आपण गेल्या साली तोडला त्यो फड बोट करून दावाय गेले, तर बाजूला कोण न्हाई. मग माझा मीच बघितला. खाली आले आन् पुन्यांदा रांगंत लागले."

"पुन्यांदा बी दोघं म्हणलीस?"

"न्हाई. एकच म्हणलं."

हे चांगलं झालं की वाईट, ते मला कळेना.

सोमवारी रामप्रसाद आला. केशरबाई पदर खोचत म्हणाली, "येते मी. पण संक्रांतीला चार दिस घरी येणार."

"असं कोण करतं का काकू? टोळी थांबंल का तुमच्यासाठी?"

"टोळी नका थांबवू. माझी मी यीन, माझी मी जाईन."

रामप्रसादनं आश्रुबाकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतो? तिला विचार," आश्रुबा म्हणाला.

रामप्रसाद बरं म्हणून गेला, आणि केशरबाई हे सांगायला रतनबाईकडं गेली. घरात आम्ही दोघंच राहिलो. आश्रुबानं हळूच विचारलं, "मी बरुबर बोललो का रं?"

मी चहा ठेवायला उठलो. पाणी उकळलं, पत्ती टाकली. साखर कुठं असते ते त्याला विचारलं, तर ते त्यालाही माहीत नव्हतं. तो बाजेवरून म्हणाला, "वरच्या फळीवर बघ. नसंल तर खालच्या." मी एकेक डबा उघडून बघत राहिलो.