कुलपातलं खोबरेल

१२ जानेवारी २००६. गाडीच्या तिन्ही कुलपांतून खोबरेल तेल काढायचं काम त्या संध्याकाळी माझ्यापुढे होतं. बाहेर उणे अठ्ठावीस. एका हातात लायटर, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेली चावी.

तेल मीच घातलं होतं. कॅनडाला निघताना दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागली, तेव्हा आईने खिडकीतून बाटली आत दिली होती आणि बजावलं होतं, "कुलूप कुरकुरलं का दोन थेंब सोडत जाय." आमच्याकडे घराचं, कपाटाचं, सायकलचं, सगळी कुलपं खोबरेलानेच चालतात. विनिपेगला जुनी गाडी घेतली, तिची चावी अडायला लागली, तशी मी दोन दारांत आणि डिक्कीत अगदी मन लावून तेल सोडलं. दिग्रसला डिसेंबरात हीच बाटली उन्हात उंबऱ्यावर ठेवावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. घातलं तरी.

सकाळी तिन्ही कुलपांत मेणासारखं पांढरं तेल बसलं होतं. चावी अर्धीसुद्धा जाईना. बसने गेले, कामावर चाळीस मिनिटं उशिरा पोचले. हॉटेलांच्या चादरी धुणारा तो कारखाना. सुपरवायझर पंजाबी बाई, नियमाची पक्की. म्हणाली, "दूसरी बार है. कल भी लेट, तो सोमवार से रात की शिफ्ट."

नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. सकाळी शाळेपर्यंत शेजारीण बघायची, पण रातपाळी म्हणजे नऊ वर्षांची मुलगी रात्रभर घरात एकटी. ते मी होऊ देणार नव्हते.

चावी तापवून घालायची, थोडं तेल वितळलं की कापसाच्या काडीने टिपायचं, पुन्हा तापवायची. मुलगी खिडकीतून ओरडली, "आई, इथं तेल नाही घालत! कुलपातला बर्फ वितळवायचा स्प्रे असतो. सगळ्यांना माहिती आहे."

"मग काल तोंड शिवलं होतं का?"

"तू विचारलंच कुठं?"

कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर चालत जाऊन स्प्रे आणला. घरात आले तोच दिग्रसहून दादाचा फोन. मी झालं ते सांगितलं. आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "कायले जीव देऊन राह्यली बाई त्या बर्फात? ये वापस. तुही भाकर का जड हाये आम्हाले?"

"वापस येऊन करू काय, दादा? जिनिंगच्या फाटकाले कुलूप लागलं, त्याची चावी तुयाजवळ हाये का?"

त्याच जिनिंगमध्ये मी कापूस निवडत होते, नवरा फिटर होता. पेरा बुडत गेला, कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या, एका सोमवारी फाटक उघडलंच नाही. आम्ही हौसेने निघालो नव्हतो, पण रडत बसायलाही आलो नव्हतो.

तिकडच्यांनो, तुम्ही हसा. इकडे आलेल्यांनो, कुलपात तेल घालू नका. दार बर्फाने चिकटलं तर ओढायचं नाही, रबर फाटतं. आधी खांद्याने आत दाबायचं. घर कोणतं, असं लोक फोनवर विचारतात. दिग्रसची थंडी मला जन्मापासून कळते, इथली शिकावी लागली. शिकलेलं घरही माझंच आहे, त्यासाठी कुणाची परवानगी मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला बाहेर पडले. स्प्रे मारला, चावी फिरली. दाराला खांदा लावला, बर्फ तडकला. सहाला दहा कमी असताना कार्ड पंच केलं. सुपरवायझर बाई आली, तेव्हा मी पहिलं मशीन सुरू केलेलं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "रात की शिफ्ट किसी और को देना."